निळं कार्ड

रविवार, १८ फेब्रुवारी

आज सकाळी मिस्सेच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, तासभर आधी मी चर्चच्या मनोऱ्यात चढलो (घंटा वाजवायचं आणि चर्च सांभाळायचं काम माझंच), घंटेच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि शिट्टी वाजवली. एकदा हळू, मग जरा जोरात, मग छातीत होता तेवढा श्वास लावून. तीन कबुतरं उडाली. एकोणपन्नासाव्या वर्षी माणूस शिट्टी शिकायला मनोऱ्यात लपतो हे देवाने पाहिलं. गावाने पाहिलं नाही, एवढं पुरे.

हे सगळं गेरोमुळे. गेरो माझा धाकटा भाऊ, अकरा वर्षांनी लहान. हासलरोट रग्बी क्लबचा कप्तान आणि हूकर, म्हणजे दोन्ही संघ ओळी भिडवून एकमेकांना ढकलतात त्या स्क्रममध्ये पहिल्या ओळीत मधोमध डोकं घालणारा. त्याच्या उजव्या अंगाला चौदा वर्षं मी होतो. मग माझा गुडघा गेला. आमची लीग शेवटून पहिली. तिच्याखाली फक्त गवत आहे, असं ओट्मार म्हणतो. ओट्मार क्लबचा कारभारी. लीगचा नियम असा, की प्रत्येक क्लबने एक पंच द्यायचा, नाहीतर गुण कापले जातात. आमचे म्हातारे पंच नववर्षाच्या फटाक्यासारखे होते, पण त्यांची कंबर गेली, आणि जानेवारीच्या सभेत सगळे टेबलाकडे बघत बसले.

“यॉस्ट करेल,” गेरो म्हणाला.

“त्याला ओरडता कुठे येतं?” ओट्मार म्हणाला. “चर्चमध्ये दुसरा कुणी खोकला तरी हा माफी मागतो.”

“म्हणूनच. ओरडायला आपण पंधरा जण आहोत की.”

मी नाही म्हणालो नाही. मला ते पटकन जमत नाही.

काल शहरातला पंचांचा वर्ग संपला. फ्राउ क्रेस शिकवतात. साठीच्या आहेत, आवाज करवतीसारखा. त्यांनी प्रत्येकाला तीन कार्डं दिली. पिवळं दहा मिनिटांसाठी, लाल त्या दिवसापुरतं कायमचं, आणि निळं डोक्याला मार बसल्याचा संशय आला तर. निळं मिळालेला गडी निदान तीन आठवडे, आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय, मैदानात येत नाही. “ही शिक्षा नाही,” त्या म्हणाल्या, “पण सगळ्यात जास्त शिव्या याच कार्डाच्या खाव्या लागतात.” मी लिहून घेतलं. आमच्या लीगमध्ये मैदानावर डॉक्टर नसतो. म्हणजे ओळखायचं पंचानेच.

शनिवार, २ मार्च

पहिला सामना झाला. नेकार नदीपलीकडच्या दोन संघांचा. माझ्याकडून चुका किती झाल्या ते मोजलं नाही. पाऊण तासानंतर एक कप्तान जवळ आला.

“पंचसाहेब, तुम्ही दर वेळी ‘कृपया’ म्हणता, त्याने आमची पोरं घाबरतात. त्यांना वाटतं घरी कुणीतरी गेलं.”

तरी शेवटी रिवाजाप्रमाणे जेवणाच्या टेबलावर मला दोन कप्तानांच्या मधोमध बसवलं. यजमानांनी पाहुण्यांना जेवू घालायचं, आणि मैदानावर ज्याचा कान पिरगाळला त्याच्या ताटात बटाट्याचं सॅलड वाढायचं, हे आमच्याकडे सामन्याइतकंच मोठं असतं. सगळे बिअर पीत होते. माझा ईस्टरआधीचा उपवासकाळ. मी सफरचंदाचा रस घेतला. दोघांनीही उठून पंचाचे आभार मानले. चौदा वर्षं मी ते आभार टाळ्या वाजवत ऐकले, पण ऐकणाऱ्याच्या आत काय होतं ते आज कळलं.

शनिवार, ९ मार्च

आज घरच्या मैदानावर सामना होता. मी दोरीबाहेर होतो. गेरोने एका दांडगट गड्याला खाली पाडताना कपाळ त्याच्या गुडघ्यावर घेतलं. क्षणभर पालथा पडून राहिला. मग उठून बसला आणि हसला, आणि सगळे हसले. त्याने पुढे चेंडू रेषेपार टेकवून एक ट्रायही केली. आम्ही पाच गुणांनी जिंकलो. नऊ वर्षं आम्ही तक्त्यात शेवटचे आहोत. या वर्षी पहिल्यांदा शेवटून दुसरे होण्याची आशा आहे. वीस एप्रिलला झीगेलटालशी अखेरचा सामना, तो जिंकला की झालं.

जेवणाच्या वेळी गेरो आभार मानायला उठला आणि त्याने आजच्या पाहुण्यांना सोडून गेल्या आठवड्याच्या पाहुण्यांचे आभार मानले, गावाच्या नावासकट. केवढा हशा. त्यांचा कप्तान म्हणाला, “एवढं काही वाईट खेळलो नाही रे आम्ही.” गेरो असा पहिल्यापासून खोडकर. मीसुद्धा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

गुरुवार, १४ मार्च

गेरो माझ्या सुतारशाळेत आला होता. गावच्या शाळेच्या छताच्या पाट्या बदलायचं काम त्याच्या मालकाकडे आहे. छपरं घालणं हाच त्याचा धंदा. त्याला लाकडी पट्ट्या हव्या होत्या. “किती लांबीच्या?” मी विचारलं. त्याने सांगितलं. मी लिहून घेतलं, कॉफी ओतली, तेवढ्यात तो म्हणाला, “तू लांबी विचारली नाहीस.” मी कागद दाखवला. तो म्हणाला, “हो, हो,” आणि काळा चष्मा पुसू लागला. बाहेर ढगाळ होतं. मी म्हणालो, “रात्री बिअर जरा कमी घेत जा, आणि उपवासकाळ आहे हेही लक्षात ठेव.” रंधा चालू करायला गेलो तर म्हणाला, “मी गेल्यावर कर ना.”

जाताना कॉफी तशीच ठेवून गेला.

रविवार, २४ मार्च. झावळ्यांचा रविवार

मिस्सेनंतर मी, आमच्याकडे झावळ्यांऐवजी वाटतात त्या विलोच्या उरलेल्या डहाळ्या गोळा करत होतो. गेरोची बायको मार्लीस मागे थांबली. तिने मला बाकांमधून झाडू मारू दिला, स्वतः सगळी गीतपुस्तकं एका ओळीत लावली, मग विचारलं.

“यॉस्ट, त्या दिवशी तो पडला होता का रे?”

“रग्बीत सगळेच पडतात.”

“तसं नाही विचारत मी. तो तळघरात झोपतो. खिडकीला घोंगडी लावली आहे. रीकेने बासरी वाजवली तर तिच्यावर ओरडला. सहा वर्षांची पोर. मग स्वतःच रडला. गेरो रडलेला तू कधी पाहिलास?”

“आई गेली तेव्हा.”

“मग?”

मी तिला धीर धरायला सांगितलं. नवरा-बायकोत असे दिवस येतात असंही म्हणालो. लग्न न झालेल्या माणसाने हे सांगावं, हे तिने ऐकून घेतलं. दारात थांबून एवढंच म्हणाली, “तू पंच झालास तेव्हा मला बरं वाटलं होतं.” का, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी त्यांच्या संसारासाठी एक माळ जपली.

शुक्रवार, २९ मार्च. गुड फ्रायडे

रिवाजाप्रमाणे कालपासून ईस्टरपर्यंत घंटा मुक्या आहेत. मनोऱ्यात माझं काम नाही. दुपारी तीनच्या प्रार्थनेपर्यंत वेळ होता म्हणून फ्राउ क्रेस यांची पुस्तिका काढली. पंधराव्या पानावर एक यादी आहे. उजेड सहन न होणं. आवाज सहन न होणं. तोच प्रश्न पुन्हा विचारणं. चिडणं. विनाकारण रडू येणं. मी वर्गात तिच्याखाली शाईने रेघ मारली होती.

गुडघ्यावर बसून क्रूस चुंबला. माझं लक्ष प्रार्थनेत नव्हतं. प्रार्थना संपली तसा गेरोच्या घरी गेलो. तो तळघरात गादीवर बसला होता. मी त्याला पान दाखवलं. त्याने न वाचता मिटलं.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“तुझ्या आधीपासून. डोकं माझं आहे.”

“डॉक्टरकडे चल.”

“डॉक्टर लिहील. ते लिहिलेलं बघून मालक छतावर चढू देणार नाही, ओट्मार मैदानात येऊ देणार नाही. मग मी सकाळी उठून जाऊ कुठे? सांग ना. या तळघरात बसू?”

“थोडे दिवस.”

“तीन आठवडे, यॉस्ट. वीस तारखेपर्यंत. झीगेलटालशी खेळतो आणि स्वतःच्या पायांनी डॉक्टरकडे जातो. तोवर तू कुणाला बोलू नकोस. शब्द दे.”

मी म्हटलं, छतावर तरी चढू नकोस. तो म्हणाला, जपून चढतो. त्याने हात पुढे केला. लहानपणी नदी ओलांडताना तो असाच हात पुढे करायचा, वर न बघता, कारण माझा हात तिथे असणारच. मी शब्द दिला.

मंगळवार, ९ एप्रिल

शाळेपाशी लाकूड उतरवत होतो. वर गेरो छताच्या कण्यावर बसला होता. काम करत नव्हता. एका हाताने धुराड्याला धरून डोळे मिटून बसला होता, आणि खालचा त्याचा सोबती पाट्या घेऊन वाट बघत होता. मोजली नाही, पण बरीच मिनिटं गेली असतील. मग त्याने डोळे उघडले आणि हात केला. मीही हात केला.

ईस्टरच्या आधी पापांची कबुली दिली होती. तेव्हा हे सांगितलं नाही. कुठलं पाप, त्याचं नावच येईना. शब्द पाळणं हे तर पाप नाही. आज सांगायचं झालं तर नाव सापडेल असं वाटतं.

शुक्रवार, १२ एप्रिल

फ्राउ क्रेस यांना फोन केला. म्हटलं, एका क्लबमध्ये एक गडी आहे, एकाला संशय आहे, पण त्याने शब्द दिला आहे.

“रीगेलसाहेब, तुमचा कोण तो?”

मी पुस्तिकेचं पान उलटलं.

“बरं. सामन्यात पंच कोण आहे?”

“दुसऱ्या गावचे आहेत. चांगले आहेत.”

“मग त्यांना सांगा.”

“शब्द दिला आहे, फ्राउ क्रेस.”

पलीकडे त्यांनी बराच वेळ काही हलवलं, बहुधा चहा. “मला फोनवरून कुणाला कार्ड दाखवता येत नाही,” त्या म्हणाल्या. “पण पुस्तिकेत लिहिलं आहे, बघणाऱ्याने दाखवायचं. शब्द देणाऱ्याने दाखवू नये असं कुठे लिहिलेलं मला आठवत नाही.” आणि फोन ठेवला. त्या अशाच ठेवतात.

शनिवार, २० एप्रिल

सगळं क्रमाने लिहितो.

दुपारी एकला बातमी आली, की पंचांची गाडी हमरस्त्यावर बंद पडली. अशा वेळी दोनच वाटा असतात. सामना पुढे ढकलायचा, नाहीतर दोन्ही कप्तानांना चालत असेल तर यजमान क्लबच्या पंचाने उभं राहायचं. झीगेलटालचा कप्तान हॉल्गर म्हणाला, “मे महिन्यात खेळू. घाई काय आहे?”

“यॉस्ट आहे ना,” गेरो म्हणाला.

“तुझा भाऊ?”

“माझाच. तुला माझ्यावर जेवढ्या शिट्ट्या वाजवाव्याशा वाटतात, त्याहून जास्त तो वाजवेल.”

हॉल्गरने माझ्याकडे पाहिलं. “हाच ना तो, ‘कृपया’ म्हणणारा? चालेल. आमच्या घरी बायकोसुद्धा म्हणत नाही.”

मला नको होतं. ओट्मारने माझ्या हातात पंचाचा सदरा दिला. तो मी सगळ्यांकडे पाठ करून घातला. दोरीपलीकडे मार्लीस उभी होती. ती एरवी सामन्याला येत नाही.

विसाव्या मिनिटापर्यंत चांगला खेळ झाला. आम्ही पुढे होतो. चोविसाव्या मिनिटाला गेरो एका ढिगाऱ्याखालून सगळ्यांच्या शेवटी उठला. मी पाहिलं. पाहिलं आणि घड्याळाकडे नजर वळवली. हे लिहिलं पाहिजे, म्हणून लिहितो. मी घड्याळाकडे बघितलं आणि खेळ चालू ठेवला.

एकतिसाव्या मिनिटाला स्क्रम दिली. दोन्ही पहिल्या ओळी समोरासमोर यायला लागल्या. गेरो चालत आला आणि झीगेलटालच्या ओळीत जाऊन उभा राहिला. त्यांच्या दोन गड्यांच्या खांद्यांवर त्याने हातसुद्धा टाकले.

“ये बाबा,” त्यांचा एक जाडा म्हणाला, “आमच्याकडे जेवण बरं असतं.”

दोन्हीकडचे हसले. दोरीबाहेरचेही हसले. गेरोपण हसला, सगळे हसतात म्हणून, इकडेतिकडे बघत.

मी वेळ थांबवली. त्याला बाजूला घेतलं. पुस्तिकेतले प्रश्न विचारायला सुरुवात केली.

“आपण कुठे खेळतोय, गेरो?”

“घरी.”

“शेवटची ट्राय कुणी केली?”

तो माझ्याजवळ सरकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “यॉस्ट, तू शब्द दिलायस.”

“दिलाय. मधली सुट्टी झाली का?”

त्याने आधी सूर्याकडे पाहिलं, मग फलकाकडे. फलक त्याला वाचता येत नव्हता असं मला वाटलं. “झाली,” तो म्हणाला.

झाली नव्हती. मी खिशात हात घातला. बोटांना आधी पिवळं लागलं. ते परत ठेवलं. निळं काढून त्याच्यासमोर धरलं आणि मग नियमाप्रमाणे वर धरलं, सगळ्यांना दिसेल असं.

तो ओरडेल असं वाटलं होतं. त्याने उजव्या हाताने माझा सदरा काखेपाशी मुठीत धरला, स्क्रममध्ये धरायचा तसा, आणि कपाळ माझ्या मानेला टेकवलं. त्याचा श्वास माझ्या कानात. चौदा वर्षं तो तसाच असायचा. मी हलू शकलो नाही. दोरी ओलांडून मार्लीस मैदानात आली. कुणालाही परवानगी नसते. मी तिला अडवलं नाही. ती त्याला घेऊन गेली.

ओट्मार बाजूने ओरडत होता, आमच्याकडे दुसरा शिकलेला हूकर नाही, आता सामना कागदावर गेला. खरं होतं. पहिल्या ओळीचा गडी नसला की स्क्रम नावापुरती होते आणि निकाल हरल्यात जमा होतो. दोन्ही संघ कमरेवर हात ठेवून उभे होते. तेव्हा हॉल्गर आपल्या राखीव गड्यांकडे गेला, त्यांच्या दुसऱ्या हूकरला दंडाला धरून आणलं आणि आमच्या ओळीत उभं केलं.

“हा घ्या. कागदाचं जे व्हायचं ते होईल. इतक्या लांब आलोय ते खेळायला.” आणि त्या गड्याला म्हणाला, “नीट ढकल हं. पण फार नीट नको.”

खेळ झाला. आम्ही जिंकलो, आणि कागदावर हरलो. पुन्हा शेवटचे.

टेबलावर मला दोन कप्तानांमध्ये बसवलं, पण एका बाजूची खुर्ची रिकामी होती. हॉल्गर आभार मानायला उठला आणि त्याला विनोद सुचेना. तो खाली बसला आणि त्याच्या वाट्याचा केकचा तुकडा माझ्या ताटात ठेवला.

निघताना ओट्मारने मला गाडीपाशी गाठलं. “अहवाल उद्या संध्याकाळी सहापर्यंत भरायचा असतो. लीगला कळतं ते फक्त अहवालातून. तिथे ‘दमल्यामुळे बदली’ लिहिलंस तर आभाळ कोसळत नाही. पोरगा चार दिवस विश्रांती घेईल, मग कामावर जाईल, कुणाला त्रास नाही.”

“तू त्याचा मित्र आहेस ना?” मी विचारलं.

“म्हणून तर सांगतोय.”

मी घरी आलो. अहवाल उघडला, बंद केला.

रविवार, २१ एप्रिल

पहाटे घंटा वाजवली, मेणबत्त्या लावल्या, फलकावर गीतांचे क्रमांक लावले. एक चुकीचा लागला. लोकांनी दुसरंच गीत सुरू केलं आणि वादकाने जमवून घेतलं.

दुपारी चारला गेरोकडे गेलो. मी ठरवलं होतं, जे लिहायचं ते त्याच्या पाठीमागे लिहायचं नाही. मार्लीसने स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचा संगणक मांडून दिला. गेरो शेजारच्या खोलीत अंधारात आडवा होता, दार उघडं. रीके मावशीकडे गेली होती.

संगणक सुरू होईपर्यंत मार्लीस हळू आवाजात म्हणाली, “काल ते पंच गाडी बंद पडून अडकले होते ना, ते इथून वीस मिनिटांवर होते. मी त्यांना आणायला निघाले होते. किल्ली हातात होती. गेरोनेच नको म्हटलं. म्हणाला, राहू दे, यॉस्ट आहे.”

“मी घरचा,” मी म्हणालो. “त्याला वाटलं असेल, डोळेझाक करीन.”

“डोळेझाक?” मार्लीस म्हणाली. मग कप धुवायला उठली.

मी दारात जाऊन म्हणालो, “गेरो, मी शब्द मोडला.”

“हो.”

“आता लिहितोय.”

परत येऊन बसलो. मला दोनच बोटांनी लिहिता येतं. प्रत्येक ओळ त्याला ऐकू जाईल अशी वाचत गेलो, फार मोठ्याने नाही, त्याला आवाज लागतो म्हणून. खेळाडू, गेरो रीगेल. क्रमांक दोन. कार्ड, निळं. कारण, विरुद्ध संघाच्या ओळीत उभा राहिला, मधली सुट्टी झाली की नाही सांगता आलं नाही. त्याखाली आणखी एक जागा होती, पंचाचे शेरे. तिथे लिहिलं: नऊ मार्चपासून लक्षणं होती. एकोणतीस मार्चपासून मला माहीत होतं. तेही वाचून दाखवलं.

“ते कशाला?” आतून गेरो म्हणाला. “तुझी शिट्टी काढून घेतील.”

“घेऊ देत.”

थोड्या वेळाने त्याने विचारलं, “मिनिट कितवं लिहिलंस?”

“एकतिसावं.”

“अडतिसावं होतं. मला चांगलं आठवतंय.”

माझ्या घड्याळात एकतीस होतं. मी वाद घातला नाही, आणि आकडाही बदलला नाही.

“उद्या सकाळी आठला डॉक्टर,” मार्लीस म्हणाली. “तू येशील?”

“मालकाला आधी मी सांगतो, मग येतो.”

“यॉस्ट,” आतून आवाज आला, “दार लोटून घे. उजेड येतोय.”

मी उठून दार लोटलं. बसलो. सहाला दहा मिनिटं कमी असताना अहवाल पाठवला.